क्रीम बिस्किटाची वाट: लंडन, न्यूयॉर्क आणि बडोदे

दोन पातळ बिस्किटे आणि त्यांच्यामध्ये साखर व स्निग्ध पदार्थ घोटून लावलेला गोड थर, एवढीच क्रीम बिस्किटाची रचना आहे. मधल्या थराला क्रीम म्हणत असले तरी त्यात दुधाची साय नसते. साधारणपणे सत्तर भाग बारीक दळलेली साखर, तीस भाग घट्ट केलेले वनस्पती तेल आणि चवीपुरता व्हॅनिला, कोको, संत्रे किंवा अननसाचा अर्क, असे त्याचे प्रमाण असते. या मिश्रणात पाणी जवळजवळ नसते आणि या पदार्थाचे सारे यश त्या कोरडेपणात आहे. खरी साय भरली तर बिस्किट काही तासांत मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी आंबते. साखर-तेलाचा थर मात्र बिस्किटाला ओलावा देत नाही. त्यामुळे पुडा महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर राहतो, बोटीने आणि रेल्वेने हजारो मैल जातो आणि उघडल्यावर कुरकुरीतच निघतो.

हा पदार्थ घराच्या चुलीवरून कारखान्यात गेलेला नाही, तो कारखान्यातच जन्मला. नानखटाई, शंकरपाळी किंवा चिरोटा यांच्यासारखी त्याला एखाद्या घराण्याची किंवा गावाची पाककृती नाही. त्याच्या मागे आहेत वाफेची यंत्रे, कोकोची जागतिक बाजारपेठ आणि हवाबंद पुडे. बडोद्यासारख्या शहरात मात्र त्याचा खरा प्रवास अंतराचा नव्हता. रेल्वे १८६१ मध्येच बडोद्यात आली होती आणि विलायती बिस्किटांचे डबे तिच्याबरोबर येऊ शकत होते. अडत होते ते दोन प्रश्नांवर: बिस्किट कोणाच्या हातचे, आणि त्यातली चरबी कसली. या दोन प्रश्नांची उत्तरे जशी बदलत गेली, तसे हे बिस्किट घरात येत गेले.

क्रीम बिस्किटाचे मूळ गाव म्हणून लंडनच्या बर्मंडसी भागाचे नाव घ्यावे लागते. जेम्स पीक आणि जॉर्ज हेंडर फ्रीन यांनी १८५७ मध्ये तिथे पीक फ्रीन ही कंपनी काढली. त्याआधीची बिस्किटे बहुतांशी कडक असत. पीक फ्रीनने १८६५ मध्ये ‘पर्ल’ नावाचे मऊ, खुसखुशीत बिस्किट बाजारात आणले आणि चहाबरोबर खाण्याच्या आधुनिक बिस्किटांचा पाया घातला. १८७४ मध्ये रशियाच्या राजकन्येचा इंग्लंडच्या राजपुत्राशी विवाह झाला, त्या निमित्ताने निघालेले मारी बिस्किट आज भारतात आजारी माणसापासून लहान मुलापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचे आहे. कारखान्याच्या भट्ट्यांचा वास आसपासच्या वस्तीत पसरलेला असे, त्यामुळे त्या भागाला लोक ‘बिस्किट टाउन’ म्हणत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये बिस्किटे जोडून मध्ये थर भरण्याची पद्धत रुळली. १९०८ च्या सुमारास कस्टर्ड क्रीम आले. त्यावरची नेच्याच्या पानांची नक्षी ही व्हिक्टोरियन काळातल्या नेच्यांच्या वेडाची आठवण आहे. १९१० मध्ये पीक फ्रीनने ‘क्रिओला’ नावाचे लांबट, कोकोचे बिस्किट काढले, त्याचेच पुढे बोर्बन झाले. बोर्बनच्या अंगावर भोके असतात आणि वर साखरेचे दाणे दिसतात. भोके शोभेची नाहीत. भाजताना पिठातली वाफ त्यांतून बाहेर पडते, बिस्किट फुगत नाही आणि त्याचा तळ सपाट राहतो. जोडायचे बिस्किट सपाट नसेल तर मधला थर सारखा बसत नाही, म्हणून क्रीम बिस्किटांत या भोकांचे महत्त्व अधिक.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे दोन कंपन्यांची चढाओढ चालू होती. १९०८ मध्ये लूझ-वाइल्स या कंपनीने ‘हायड्रॉक्स’ नावाचे काळे, गोल, पांढऱ्या क्रीमचे बिस्किट विकायला काढले. चार वर्षांनी नॅशनल बिस्किट कंपनीने, म्हणजे पुढच्या नॅबिस्कोने, जवळजवळ तसेच ‘ओरिओ’ आणले. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या तिच्या कारखान्यात ते तयार झाले आणि ६ मार्च १९१२ रोजी न्यू जर्सीतल्या होबोकन गावच्या एका किराणा दुकानदाराने त्याची पहिली खरेदी केली. तो कारखाना आज चेल्सी मार्केट नावाची बाजारपेठ आहे. हायड्रॉक्स आधीचे असूनही लोकांना ते नक्कल वाटू लागले. मोठ्या जाहिरातीचे आणि मोठ्या वितरणाचे बळ किती असते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. हायड्रॉक्स २००३ मध्ये बंद पडले आणि २०१५ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा काढले, तोवर ओरिओ शंभराहून अधिक देशांत पोहोचले होते.

ओरिओचा काळा रंग जळलेल्या पिठाचा नाही. डच रसायनज्ञ व्हॅन हौटेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कोकोवर क्षाराची प्रक्रिया करतात. त्यामुळे कोकोची आंबट धार कमी होते आणि रंग गडद होतो. ही प्रक्रिया जास्त केली की कोको जवळजवळ काळा पडतो. वरची नक्षी १९५२ मध्ये बदलली आणि तीच आजवर चालू आहे. सुरुवातीला ओरिओ लिंबाच्या गोड थरातही मिळत असे, पण ते १९२० च्या दशकात बंद झाले. दुप्पट क्रीमचा प्रकार १९७० च्या दशकाच्या मध्यावर आला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने ओरिओच्या अमेरिकी इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या क्रीममध्ये अनेक दशके डुकराची चरबी असे. त्यामुळे धर्मनियम पाळणारे ज्यू कुटुंब ते खात नसे आणि मुलांना हायड्रॉक्सवर भागवावे लागे, कारण हायड्रॉक्सच्या क्रीममध्ये ती चरबी नव्हती. १९९० च्या दशकात ओरिओतली ही चरबी काढून वनस्पती तेल वापरले गेले आणि १९९७ मध्ये त्याला ज्यूंच्या आहारनियमांनुसार मान्यता मिळाली. मधल्या थरात काय आहे यावर एखाद्या समाजाने बिस्किट स्वीकारावे किंवा नाकारावे, हे बडोद्याला किंवा पुण्याला नवे नव्हते. तिथे तर प्रश्न चरबीच्याही आधी हाताचा होता.

एकोणिसाव्या शतकात पाव आणि बिस्किट हे पदार्थ सवर्ण हिंदू घरांत निषिद्ध मानले जात. भट्टी ख्रिस्ती, मुसलमान किंवा पारशी माणसाची असे, पिठात ताडी किंवा अंडे असण्याची शक्यता असे आणि भाजलेल्या अन्नाला परक्याचा स्पर्श झालेला असे. ही बंधने मोडणे हे सुधारकांच्या दृष्टीने एक व्रतच होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत असताना दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांसह १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन झाली. पुढे मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. तिच्या दीक्षेत ख्रिस्ती भट्टीवाल्याने केलेला पाव खाणे हा भाग होता. म्हणजे मुंबईच्या या सुधारकांनी जातिभेद मोडण्याची कसोटी ठरवली ती पावाच्या तुकड्याची. सभा गुप्त होती. सदस्यांची नावे बाहेर फुटली तेव्हा १८६० मध्ये ती मोडली, इतका त्या तुकड्याचा धाक मोठा होता.

पुण्यात हाच प्रश्न चहा-बिस्किटांवरून पेटला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक सभा झाली. निमंत्रणाच्या मागे गोपाळ विनायक जोशी होते, पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती. सभेनंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांचीही नावे त्या उपस्थितांत होती. जोशी यांनी यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य पडले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल त्यांच्या अनुयायांनीही त्यांना बोल लावला. ज्या काळात एका बिस्किटाने रानड्यांसारख्या न्यायाधीशाला प्रायश्चित्ताला बसवले, त्या काळात ते घराघरांत जाईल अशी कल्पना करणेही कठीण होते.

बडोदे संस्थानात चित्र दुहेरी होते. सयाजीराव गायकवाडांना १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. समुद्र ओलांडणे हे पाप मानले जात असताना ते १८८७ मध्ये युरोपला गेले आणि नंतरही पुन्हा पुन्हा जात राहिले. १८९० मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. राजवाड्याच्या टेबलावर विलायती पदार्थ नवे नव्हते. राजवाड्याबाहेरच्या शहराचे नियम मात्र वेगळे होते. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला हिंदू खाणावळ मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकत. ज्याला राजाने परदेशी शिकायला पाठवले त्याला शहर पाणी देत नव्हते. बिस्किटाला लागणारा परक्याचा स्पर्श आणि माणसाला नाकारलेले पाणी, दोन्हींच्या मुळाशी एकच शिवाशिव होती. म्हणून बिस्किटाचा इतिहास सांगताना हा प्रसंग बाजूला ठेवता येत नाही.

शिवाशिवीवर बाजाराने एक वेगळाच तोडगा काढला. १८९८ मध्ये दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. पीठ मळण्यापासून पुडे बांधण्यापर्यंतची कामे ब्राह्मण आणि उच्चवर्णीय हिंदू करतात, हे तिचे ग्राहकांना दिलेले आश्वासन होते. तिने जातीचा नियम मोडला नाही, त्याच्याशी तडजोड करून बिस्किट विकले. सुधारणेच्या दृष्टीने ही माघार होती हे मान्य करायला हवे, पण बिस्किट म्हणजे धर्मभ्रष्टता हे समीकरण सैल करायला तिचा हातभार लागला.

गुजरातेत या तडजोडीची गरज तितकी पडली नाही, कारण इथे भट्टीची स्वतःची परंपरा होती. सुरतेत डच व्यापाऱ्यांच्या पाव-भट्ट्यांत पारशी कामगार असत. डचांनी १८२५ च्या सुमारास सुरत सोडली तेव्हा भट्ट्या या कामगारांकडे आल्या, असे परंपरेने सांगितले जाते. फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांची सुरतेतली भट्टी १८६१ ची. डचांच्या माघारीनंतर पावाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि उरलेला पाव वाळवून विकला जाऊ लागला, त्यातून सुरती बटर हे कडक बिस्किट जन्मले, अशी कथा आहे. आणि याच भट्ट्यांनी नानखटाई घडवली. अंडे नाही, ताडी नाही. मैदा, रवा किंवा बेसन, तूप, पिठीसाखर, वेलची, एवढेच साहित्य. वैष्णव आणि जैन गिऱ्हाइकाला नको असलेले सगळे वगळून उरलेले ते बिस्किट होते.

नवसारी हे पारशांचे जुने गाव बडोदे संस्थानात होते, आणि नवसारी व बिलिमोरा भागातल्या भट्ट्यांतले बटाशा नावाचे बिस्किट आणि नानखटाई संस्थानभर जाई. बडोद्यात मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत गुजराती आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली. त्यांच्या दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नानखटाई भाजून आणणे हा ठरलेला कार्यक्रम असे. पुणे, सांगली, नाशिककडच्या घरांतही ही रीत होती. घरचे तूप, मैदा, रवा आणि पिठीसाखर डब्यांत घालून भट्टीवर न्यायची. भट्टीवाला तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसून पांढरी करी, मग पीठ घालून गोळे वळी आणि काळ्या पत्र्यांवर मांडी. कोणाचे पत्रे कोणते हे कळावे म्हणून चिठ्ठी ठेवत किंवा खूण करत. लाकडाच्या भट्टीत लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकत आणि थोड्या वेळात चिरा पडलेली, कडेने तांबूस नानखटाई बाहेर येई. मजुरी शेरावर, पुढे किलोवर. गरम नानखटाई लगेच डब्यात भरली तर वाफ धरते, म्हणून ती कागदावर गार होईपर्यंत मुलांना भट्टीपाशी राखणीला बसवत.

या रिवाजात एक बारीक सोय होती. भट्टी परक्याची असली तरी तूप आपले, पीठ आपले आणि समोर उभे राहून भाजून घेतलेले. कसली चरबी हा प्रश्न तिथल्या तिथे मिटत असे. कारखान्याचे बंद पुड्यातले बिस्किट नेमकी ही खात्री देऊ शकत नव्हते. त्याला ती दुसऱ्या मार्गाने कमवावी लागली.

भारतातल्या बिस्किट कारखान्यांची सुरुवात कोलकात्यात झाली. १८९२ मध्ये एका लहानशा घरात २९५ रुपये भांडवलावर एक बिस्किट व्यवसाय सुरू झाला. पुढे तो गुप्ता बंधूंकडे गेला आणि १९१८ मध्ये त्याची ब्रिटानिया बिस्किट कंपनी झाली. १९२१ मध्ये तिने गॅसवर चालणाऱ्या भट्ट्या आयात केल्या. १९२४ मध्ये मुंबईत कारखाना उभा राहिला आणि त्याच सुमारास कंपनीची सूत्रे लंडनच्या पीक फ्रीनकडे गेली. बर्मंडसीचे बोर्बन भारतात कसे आले याचे उत्तर या मालकीत आहे.

मुंबईच्या उपनगरात दुसरी वाट निघाली. दक्षिण गुजरातेतल्या पारडीचे मोहनलाल दयाल चौहान मुंबईत कापडाच्या धंद्यात होते. स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी जर्मनीत जाऊन गोळ्या-चॉकलेटांचे यंत्रज्ञान पाहिले आणि १९२९ मध्ये विलेपार्ल्यात कारखाना काढला. १९३९ मध्ये तिथे ग्लुकोज बिस्किटे तयार होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात बिस्किट हे सैनिकाच्या शिध्याचा भाग झाले. ब्रिटानियाचे जवळजवळ सारे उत्पादन सैन्याकडे जात होते. स्वातंत्र्यानंतर गव्हाच्या टंचाईत पार्लेने सातूच्या बिस्किटांवर भागवण्याचे आवाहन जाहिरातींतून केले. अशा दिवसांत साखर आणि स्निग्ध पदार्थाने भरलेल्या क्रीम बिस्किटाला जागा नव्हती. ते सुबत्तेचे बिस्किट आहे आणि ते सुबत्तेची चाहूल लागल्यावरच आले.

तोवर एक मोठा बदल होऊन गेला होता. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. हायड्रोजन वायू सोडून घट्ट केलेले हे वनस्पती तेल साजूक तुपापेक्षा स्वस्त होते, खोलीच्या तापमानाला घट्ट राहत होते आणि त्यात प्राण्याची चरबी नव्हती. घरातल्या जाणत्या बायकांनी त्याला तूप मानले नाही, पण बिस्किट उद्योगाला हवे होते ते नेमके हेच. क्रीमला घट्टपणा देणारी आणि शाकाहारी घराला चालणारी चरबी भारतात स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेत जो प्रश्न १९९० च्या दशकात सुटला, तो भारतीय क्रीम बिस्किटाला मुळातच सोडवून यावे लागले. नाहीतर बडोद्याच्या बाजारात त्याला पाऊल टाकता आले नसते.

ब्रिटानियाचे बोर्बन १९५५ मध्ये भारतात आले. त्याच काळात ग्वाल्हेरला जे. बी. मंघाराम यांचा कारखाना नावारूपाला आला. ही कंपनी १९१९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू झालेली आणि फाळणीनंतर ग्वाल्हेरला आलेली. देवदेवतांच्या आणि पुराणप्रसंगांच्या रंगीत चित्रांचे तिचे पत्र्याचे डबे रिकामे झाल्यावरही घरात मानाने वापरले जात. पुण्याच्या साठे बिस्किट आणि चॉकलेट कंपनीचे नावही मराठी घरांत तितकेच परिचित होते. पाहुणा येताना बोर्बनचा किंवा संत्र्याच्या क्रीमचा पुडा घेऊन आला की मुलांमध्ये वाटणी होई. रोजचा पुडा ग्लुकोजचा, क्रीमचा पुडा सणाचा, अशी ही विभागणी बराच काळ टिकली. बिस्किट उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव असल्याने नव्या मोठ्या कारखान्यांना मोकळी वाट नव्हती. १९९७ मध्ये हे आरक्षण उठले आणि दुकानांत क्रीम बिस्किटांच्या चवी एकदम वाढल्या.

मधल्या काळात चरबीवरचा विश्वास एकदा जोरात हादरला. १९८३ मध्ये आयात केलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचे उघड झाले. देशभर संताप उसळला आणि सरकारने अशा चरबीच्या आयातीवर बंदी घातली. ज्या भरवशावर मिठाई, फरसाण आणि बिस्किटे शाकाहारी घरांत गेली होती तो भरवसाच फसवणुकीने मोडला होता. पुढे पुड्यावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका छापण्याचा नियम २००१ च्या सुमारास लागू झाला. दुकानात उभे राहून पुड्यावरचे सगळे वाचणे कोणाला जमत नाही, पण तो ठिपका सगळ्यांना दिसतो.

क्रीम बिस्किट यंत्रावर कसे तयार होते हे पाहण्यासारखे आहे. मळलेले कोरडे पीठ एका फिरत्या रुळाच्या साच्यांत दाबले जाते. नक्षी, नाव आणि भोके या साच्यातच कोरलेली असतात. कच्ची बिस्किटे जाळीच्या पट्ट्यावरून लांबलचक भट्टीतून काही मिनिटांत भाजून बाहेर पडतात आणि तशीच चालत राहून गार होतात. गरम बिस्किटावर क्रीम लावले तर ते वितळून ओघळते, म्हणून हा गार होण्याचा वेळ चुकवता येत नाही. मग खालची बिस्किटे पाठीवर उलटी पडतात, नक्षीची बाजू खाली. भोके पाडलेल्या फिरत्या नळीतून क्रीमचा ठरलेला गोळा त्यांच्यावर पडतो, वरून दुसरे बिस्किट येऊन हलके दाबते आणि जोडी पुन्हा थंड बोगद्यातून जाते. तिथे क्रीम घट्ट होऊन दोन्ही बिस्किटांना धरून ठेवते. साखर पुरेशी बारीक दळलेली नसेल तर क्रीम दाताखाली कचकचते. तेल फार मऊ असेल तर बिस्किटे घसरतात, फार कडक असेल तर क्रीम टाळूला मेणासारखे चिकटते. ते तोंडातल्या उष्णतेला विरघळावे आणि बाहेर घट्ट राहावे, यासाठी तेलाचे मिश्रण जुळवावे लागते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा हे जुळवणे किती अवघड आहे ते कळते. उन्हात ठेवलेल्या पुड्यात तेल बिस्किटात उतरते, वरचे बिस्किट सरकते आणि क्रीम पुन्हा गार झाल्यावर पूर्वीसारखे बसत नाही.

बिस्किट फिरवून उघडले तर क्रीम जवळजवळ नेहमी एकाच बाजूला का राहते, याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी रबर बँड आणि नाण्यांच्या वजनावर चालणारे छोटे उपकरण तयार केले होते. कितीही सावकाश किंवा जोरात फिरवले तरी क्रीमचे दोन सारखे भाग क्वचितच झाले. यंत्रावर क्रीम आधी एका बिस्किटावर पडते आणि दुसरे नंतर बसते, हा क्रमच याला कारण असावा असे त्यांचे अनुमान होते. क्रीमची बाजू कोणाला मिळावी यावर भावंडांत होणाऱ्या भांडणाचे मूळ अशा रीतीने कारखान्यात आहे.

ओरिओ भारतात मार्च २०११ मध्ये आले. आदल्या वर्षी ओरिओची तेव्हाची मालक असलेल्या क्राफ्ट कंपनीने कॅडबरी विकत घेतली होती, त्यामुळे ते कॅडबरीच्या नावाखाली आणि कॅडबरीच्या वितरणातून गावोगावच्या दुकानांत पोहोचले. पुड्यांच्या किमती ५, १० आणि २० रुपये ठेवल्या होत्या आणि पाच रुपयांच्या पुड्यात तीन बिस्किटे असत. फिरवा, चाटा, दुधात बुडवा ही खाण्याची रीत जाहिरातींनी शिकवली. न्यूयॉर्कमध्ये निघाल्यानंतर ९९ वर्षांनी भारतात आलेले हे बिस्किट काही वर्षांतच इतके परिचित झाले की त्याच्या नावाशी जुळणाऱ्या नावावरून खटला उभा राहिला. पार्लेच्या ‘फॅबियो’ या नावाविरुद्ध ओरिओच्या मालकांनी दाद मागितली आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम मनाई दिली.

गुजरातेत या बिस्किटाला आणखी एक उपयोग सापडला. बिनअंड्याचा केक ही इथल्या घरांची जुनी गरज. क्रीमसकट बोर्बन किंवा ओरिओचा पुडा मिक्सरमध्ये दळायचा, त्यात दूध घालून पीठ सैल करायचे, शेवटी इनोची पुडी ढवळायची आणि शिटी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचे. मैदा, साखर, कोको आणि तेल हे चारही घटक बिस्किटातच असल्याने वेगळे काही मोजावे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या आणि केकची दुकाने बंद असताना असंख्य वाढदिवस या केकवर साजरे झाले. कारखान्यात जन्मलेले बिस्किट अखेर घरच्या स्वयंपाकाचे साहित्य झाले ते असे.

चरबीचा प्रश्न मात्र आता वेगळ्या रूपात उभा आहे. तेल घट्ट करण्याच्या जुन्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक असते. अमेरिकेत ओरिओतून ते २००६ पर्यंत काढले गेले. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. त्यामुळे क्रीममध्ये हायड्रोजनने घट्ट केलेल्या तेलाऐवजी मुख्यतः पाम तेल आणि त्याचे घट्ट अंश वापरले जातात. पाम तेलातही संपृक्त स्निग्धांश बराच असतो आणि साखर तर थराचा मोठा भागच आहे. बडोद्याच्या भट्टीवर घरचे तूप नेणाऱ्या कुटुंबाला जी माहिती डोळ्यांसमोर मिळत असे, ती आता पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, घटकांच्या यादीत आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात छापलेली असते.